‘पडली’ म्हणणारी तनू

तनुजाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि माझ्या टेबलाला टेकून दुसऱ्या मुलींचं स्केटिंग बघत होती. रिंकवर रिद्धी एका पायावर गिरकी घेत होती. तनुजा शांतपणे म्हणाली, “पडली.” मी वर पाहिलं. रिद्धी उभी होती, गिरकी झकास चालली होती. मग तिचा पाय सटकला आणि ती पडली.

“अगं, आधीच काय बोलतेस?” मी विचारलं.

“आधी नाही, काकू. तेव्हाच.”

नाशिकमध्ये सिडकोच्या बाजूला आमच्या क्लबचा रिंक आहे. मी या क्लबची चिटणीस. नावनोंदणी, बुटांचे नंबर, स्पर्धेचे अर्ज, प्रथमोपचाराची पेटी आणि सरावाला गाणी लावणं ही कामं माझ्याकडे. माझी मुलगी इथे शिकायची. ती नोकरीला लागली, मी इथेच राहिले. फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. आमच्याकडे बर्फ नाही, गुळगुळीत फरशी आहे आणि बुटाखाली चार चाकं. उड्या, गिरक्या, गाण्यावरचा नाच सगळं तेच. शिवाय फरशीवर मोठी वर्तुळं रंगवलेली असतात. त्या रेघेवरून एका पायाने, चाक रेघ न सोडता जायचं. मुलांना याचा मनस्वी कंटाळा. तनुजाला मात्र हेच आवडायचं.

डिसेंबरात सकाळी सहाला धुकं असतं. रिंकच्या या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसत नाही. तनू त्या धुक्यात शिरायची, वर्तुळ पुरं करून बाहेर यायची, पुन्हा शिरायची. बाकी पोरं आली की चाकांचा खरखराट गेटपर्यंत ऐकू येई. हिच्या चाकांना आवाजच नव्हता. कधी कधी ती माझ्या अपेक्षेपेक्षा उशिरा बाहेर यायची आणि माझी बोटं गाण्याच्या बटणावर तशीच थांबायची. एकदा मी म्हटलं, “तनू, डोळे तरी उघडे ठेव गं.” ती म्हणाली, “उघडे ठेवले की रेघ हलते, काकू.”

दहा वर्षांची असताना ती जिल्ह्यात पहिली आली. बाराव्या वर्षी राज्यात तिसरी. आमचे सर फार कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, “ही पोरगी राष्ट्रीयला जाणार. हिला मोडू देऊ नका.”

पण ‘पडली’ काही थांबलं नव्हतं. आपल्या बोलण्यात ही सवय असतेच. दारातून पाऊल बाहेर पडायच्या आत आपण ‘निघालो’ म्हणतो, चहा गॅसवर असतानाच ‘झाला’ म्हणतो. मीही आधी तसंच धरलं. मग एका महिन्यात मी स्टॉपवॉच लावून वहीत नोंदलं. नाव, तारीख, तनू बोलली ती वेळ, पडली ती वेळ. कधी दोन सेकंद, कधी तीन. एकदा सात. अकरा नोंदी झाल्या, एकही चुकली नाही. बारावी नोंद मी केली नाही. वही कपाटात ठेवली.

उलगडा तिच्या वडिलांनी केला, किंवा मी तसं मानलं. ते अंबडच्या एका कारखान्यात फिटर. मूळ सटाण्याकडचे, बोलताना अहिराणी मध्येच उसळून येई. मी विषय काढला तेव्हा त्यांनी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक माझ्या टेबलफॅनला टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. पंख्याच्या पोटात एक बारीक किरकिर चालली होती.

“दोन महिन्यांत जाईल,” ते म्हणाले. “मशीन बोलस, ताई. फक्त ऐकनारा पाहिजे. मी हिले लहानपणी कारखान्यात नेलं व्हतं. ही नुसती उभी राहून सांगे, कोणती मोटर जानार ती.”

पंखा सात आठवड्यांनी बंद पडला. मला बरं वाटलं. म्हणजे पोरीचा कान तीक्ष्ण आहे, चाक घसरायच्या आधी काहीतरी आवाज करत असणार, तो हिला ऐकू येतो. कारण सापडलं की मला झोप लागते.

बाकीच्या आयांना लागत नव्हती. पोरं रिंकवर जाण्याआधी तनू कुठे बसलीय ते बघू लागली. एका बाकाखाली लिंबू-मिरची बांधलेली सापडली. एक बाई रिंकच्या दारातच मुलाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची आणि मोहऱ्या फरशीवर सांडायच्या. चार चाकांखाली मोहरी! मी त्यांना म्हटलं, “बाई, दृष्टीने नाही, पण मोहरीने नक्की पडेल तो.” कोणी हसलं नाही.

शेवटी रिद्धीची आई माझ्याकडे आली. रिद्धी आणि तनू जिवाभावाच्या मैत्रिणी, डबाही एकच खायच्या. त्यामुळे ही बाई रागाने आली नव्हती, घाबरून आली होती.

“काकू, माझी रिद्धी हिच्या तोंडाकडे बघत उडी मारते. असं कसं चालेल? एकतर हिचं तोंड बंद करा, नाहीतर आम्ही सगळे क्लब सोडतो.”

सगळे म्हणजे चौदा मुलं. मी हिशेबी बाई. मी नियम केला आणि फळ्यावर लिहिला: कोणी स्केटिंग करत असताना रिंकच्या कडेला बोलू नये. नियम सर्वांसाठी होता आणि तो कोणासाठी आहे हे सर्वांना माहीत होतं. तनूला मी बाजूला घेतलं.

“बोलायचं नाही. कळलं?”

“बरं, काकू. आणि खरंच पडणार असली तर?”

“तरी नाही. पडणं हा खेळाचाच भाग आहे.”

“लागणार असलं तर?”

“तनू, तुला राष्ट्रीयला जायचंय की नाही?”

तिने मान डोलावली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

तिने शब्द पाळला. सुरुवातीला कोणी पडणार हे कळलं की ती पाठ फिरवायची. मग पोरं तिची पाठ बघून गडबडू लागली. म्हणून मी तिची खुर्ची माझ्या टेबलासमोर, रिंककडे पाठ करून ठेवली. त्यामुळे झालं असं की दोन वर्षं ती माझ्याकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे. तिला रिंक दिसत नव्हता. तरीही अधूनमधून तिचे ओठ आत ओढले जायचे आणि दोन-तीन सेकंदांनी तिच्या मागे कोणीतरी धपकन आपटायचं. पुढे पुढे मला तिच्या ओठांकडे बघावंही लागेना. नजर खाली यादीवर असताना माझं पेन आपोआप थांबायचं, मग कोणीतरी पडायचं. मी ते सवयीवर टाकलं. घरी कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आपण वळतो, तसं.

या दोन वर्षांत ती राज्यात पहिली आली. तिच्या खेळाबद्दल लिहायला मला शब्द कमी पडतात. ती उडी मारायची तेव्हा वर जाताना दिसायची आणि खाली आलेली दिसायची, मधलं काही दिसायचंच नाही. परीक्षकांपैकी एक बाई मला म्हणाल्या, “तुमची मुलगी फार सुंदर करते, पण मला तिच्याकडे बघताना थंडी का वाजते?” मी म्हटलं, “सकाळ आहे ना.”

मग राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड चाचणी आली. राज्यातून दोनच मुली निवडल्या जाणार होत्या आणि तनू व रिद्धी दोघींनाही संधी होती. पुण्याजवळच्या एका वसतिगृहात आमचा मुक्काम होता. सकाळी साडेसात वाजता मी लांबट व्हरांड्यात यादी घेऊन उभी होते. छातीवरचे नंबर, गाण्यांचे पेन ड्राइव्ह, पेटी, पाण्याच्या बाटल्या. तनू माझ्या शेजारी वेणी घालत होती. समोरून रिद्धी येत होती. पायांत नुसते मोजे, हातात चहाचा कप, तोंडात बिस्कीट. बूट खोलीत होते, चाकं खोलीत होती. व्हरांड्यात काही म्हणजे काही आवाज नव्हता.

तनूचे हात वेणीत थांबले. ओठ आत गेले. इतके की तोंडाच्या जागी नुसती रेघ राहिली.

तो स्क्रू ड्रायव्हर, पंखा, तीक्ष्ण कान, सगळं मला त्या क्षणी आठवलं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मग मला रिद्धीच्या आईकडे जाऊन म्हणावं लागलं असतं, की आज मुलीला उतरवू नका, आणि त्याने जागा कोणासाठी मोकळी होणार होती? तनूसाठीच. लोक काय म्हणाले असते ते मला तिथल्या तिथे ऐकू आलं. मी तनूला विचारलं, “चहा घेतलास का?”

“घेतला, काकू,” ती म्हणाली.

रिद्धी दुपारी बाराच्या सुमारास उतरली. दुसऱ्या मिनिटाला तिने दुहेरी गिरकीची उडी घेतली आणि कंबरेवर पडली. आवाज वेगळा होता. गाणं मी बंद केलं, पण ते बंद होण्याआधीच ती ओरडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ती आता व्यवस्थित चालते, पण त्यानंतर तिने चाकं घातली नाहीत.

स्ट्रेचर गेल्यावर तनू माझ्या टेबलाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिलेला अभ्यास पुरा झाल्याचं सांगावं तशी ती म्हणाली, “काकू, मी बोलले नाही.”

रिद्धीनंतर चौथा नंबर तिचा होता. सरांनी विचारलं, “जमेल का?” तिने बूट बांधले. माझ्या मागे तिचे वडील मोबाइल धरून उभे होते. ते तिचा प्रत्येक खेळ टिपून ठेवत. ती रिंकच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात वर घेतले, मी गाणं लावलं.

ती हलली नाही.

तीन मिनिटं गाणं वाजत राहिलं आणि ती हात वर करून उभी राहिली. आधी लोक कुजबुजले, मग गप्प झाले. तिची नजर माझ्यावर होती. गाणं संपलं, तिने हात खाली घेतले, परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन नाड्या सोडायला बसली. सरांनी दोनदा विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, सर. थांबले.”

निवड झाली नाही. पुढच्या वर्षी तिने अर्ज भरला नाही. एवढ्यावर एका उत्तम खेळाडूची कारकीर्द संपली. मी त्याच आठवड्यात फळ्यावरचा नियम पुसला, पण पुसून काय होतं?

गेल्या ऑगस्टमध्ये ती माझ्या घरी आली. आता अठरा वर्षांची आहे. धुळ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, निरोप घ्यायला आली होती. हसरी झाली आहे, थोडी जाडही. मी पोहे केले. शेवटी मला राहवलं नाही.

“तनू, त्या सकाळी व्हरांड्यात मी तुला विचारलं, तेव्हा तू सांगायला हवं होतंस गं.”

“तुम्ही विचारलं नव्हतं, काकू. तुम्ही चहाचं विचारलं होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता. “मी वाट बघत होते.”

मग तिने मोबाइल काढला. वडिलांनी घेतलेला तो व्हिडिओ होता. मी नको म्हणत होते, तिने लावला. रिंकवर ती, हात वर. पडद्याच्या कडेला माझी पाठ, गाण्याच्या बटणावर माझं बोट. गाणं सुरू व्हायच्या आत मोबाइलच्या अगदी जवळून एक आवाज आला. सपाट, घाईचा, यादी वाचल्यासारखा.

“पडली.”

तो माझा आवाज होता. मी तो शब्द उच्चारलेला नाही. आजही मी शपथेवर सांगेन.

“पप्पांनी नंतर माझे बूट उघडले,” तनू म्हणाली. “डाव्या बुटाचा मधला बोल्ट केसाएवढा चिरला होता. दुसऱ्या उडीला तुटला असता. मला काहीच कळलं नव्हतं. स्वतःचं मला कधीच कळत नाही. आणि त्या दिवसापासून दुसऱ्यांचंही नाही.” तिने बशी उचलून मोरीत ठेवली. “इतकं हलकं वाटतं, काकू! गर्दीत जाते, मुलं धावताना बघते, काही नाही.”

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“घाबरू नका. सवय होते. फक्त गप्प बसू नका.”

ती पाया पडली आणि जिना उतरली. मी गॅलरीत आले. खाली वडील मोटारसायकल सुरू करून थांबले होते. संध्याकाळचे पाच, स्वच्छ ऊन, रस्ता मोकळा. तनू मागे बसली.

“तनू!” मी ओरडले. शेजारच्या दोन गॅलऱ्यांतून माणसं डोकावली.

तिने वर पाहिलं. “काय झालं, काकू?”

काय सांगणार? “हेल्मेट घाल,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, ओठांकडे. मग ती खाली उतरली, पुढे वाकून तिने चावी फिरवून गाडी बंद केली आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, गाडी इथेच राहू द्या. आपण रिक्षाने जाऊ.”