उलट्या पिळाचं पांघरूण

ड्रायव्हरसाहेबांनी बत्तीस वर्षं बस चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत गाडीला एक ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. ही गोष्ट गल्लीत ज्याला माहीत नसेल तो माणूस एक तर कालच राहायला आलेला असणार, नाहीतर ठार बहिरा असणार. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी स्वारीची बस काही सुटली नव्हती. स्वयंपाकघराच्या वळणावर खाकरून हॉर्न द्यायचा, खुर्चीत बसण्याआधी मान वळवून दोन्ही बाजू बघायच्या, आणि जेवताना कुणी मध्येच बोललं की डावा हात आडवा करून त्याला थांबवायचं. बायको म्हणायची, "आता माझं तिकीटही फाडा, म्हणजे झालं."

डेपोतला एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. दुरुस्तीच्या खड्ड्यावर गाडी चढवायची तर मेकॅनिक समोर तोंड करून उभा राहतो आणि डावी-उजवी ओरडून सांगतो. अशा वेळी उजवी म्हणजे दाखवणाऱ्याची उजवी, ड्रायव्हरची नव्हे. इथे स्वतःची अक्कल लावली की चाक खड्ड्यात. हा नियम पुढे त्यांच्या घरात काय गोंधळ घालणार होता, याची त्या बिचाऱ्या नियमाला काय कल्पना!

बायकोचा चरखा रस्त्याकडच्या खिडकीखाली असायचा. तीस वर्षं ती लोकर कातत होती. तिचं सूत बेकरीमागच्या म्हाताऱ्या विणकराकडे जायचं, त्याची पांघरुणं व्हायची आणि ती कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या अंगावर पडायची. समोरच्या दुकानातला शिंपी खिडकीतून कौतुक करायचा, "वहिनींचा हात म्हणजे हात आहे!" त्यावर ड्रायव्हरसाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. "अहो शिंपीबुवा, चाक फिरवायला काय लागतं? मीही आयुष्यभर तेच केलं, आणि तेसुद्धा पन्नास माणसं मागे बसवून." शिंपी हसायचा, ड्रायव्हरसाहेब हसायचे. बायको हसायची नाही, पण ते बघायला सवड कुणाला होती?

यंदा तिने मनाशी ठरवलं, एक पांघरूण स्वतःसाठी करायचं. तीस वर्षांत पहिलंच. गडद तपकिरी लोकर तिने निवडून निवडून बाजूला ठेवली होती. ताणा, म्हणजे उभे धागे, कातून झाला, विणकराने तो मागावर चढवलासुद्धा. आता आडव्या धाग्यांच्या, बाण्याच्या, चोवीस कुकड्या, म्हणजे सुताच्या गुंड्या, तेवढ्या राहिल्या होत्या. आणि नेमकं तेव्हाच विणकराने सांगितलं की पुढच्या महिन्याच्या अखेरीला तो मुलीकडे कायमचा राहायला जाणार, माग मोडणार. हातमागावर विणणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. पांघरूण व्हायचं ते त्याआधी, नाहीतर कधीच नाही.

आठवड्याभरात ती माळ्यावरची लोकर काढताना स्टुलावरून पडली. उजवा हात मनगटापाशी मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

पडली तेव्हा ती रडली नाही, प्लास्टर घालतानाही नाही. घरी येऊन खिडकीखालच्या चरख्याकडे बघितलं आणि मग मात्र तिला रडू फुटलं. ड्रायव्हरसाहेबांची पाचावर धारण बसली. बायको रडली की काय करायचं हे त्यांना कुठल्याच डेपोने शिकवलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाकडून कातून घेऊ," ते म्हणाले.

"नको. एवढं एकच माझ्यासाठी आहे. त्यात परका हात नको."

"मी परका आहे का?" हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

ती रडायची थांबली. तिने त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. "बसा मग उद्यापासून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, शर्ट खोचून ड्रायव्हरसाहेब चरख्यापुढे बसले. फक्त बिल्ला लावायचा राहिला होता. बायको पलीकडे, चरख्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसली, म्हणजे तिला त्यांचे दोन्ही हात नीट दिसणार होते.

"उजव्या हाताने चाकाची मूठ धरा. डाव्या हातात पेळू, ही लोकरीची वळी. चाक उजवीकडे फिरवायचं, आणि डावा हात सावकाश मागे न्यायचा. पीळ चढतो तसा धागा निघत जातो."

समोर तोंड करून दाखवणारं माणूस उजवीकडे म्हणालं. ड्रायव्हरसाहेबांनी क्षणभरही विचार न करता चाक तिच्या उजवीकडे फिरवलं.

आणि तिला काहीही खटकलं नाही. खटकणार कसं? तीस वर्षं आपल्या बाजूने तिने ते चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरताना बघितलं होतं, आणि आताही पलीकडून ते तिला तसंच फिरताना दिसत होतं. "अगदी बरोबर!" ती म्हणाली. बाकीच्या कुठल्याच गोष्टीला पुढचे पंधरा दिवस तिने बरोबर म्हटलं नाही.

कारण बत्तीस वर्षं त्यांच्या दोन्ही हातांनी एकच काम केलं होतं, आणि आता एका हाताने फिरवायचं, दुसऱ्याने ओढायचं, तेही वेगवेगळ्या गतीने. उजवा हात जोर करायचा तर डावाही उत्साहाने जोर करायचा आणि धागा तुटायचा. धागा तुटला की त्यांचा उजवा पाय जमिनीवर करकचून ब्रेक दाबायचा. पहिल्या दिवशी धागा एकशे चाळीस वेळा तुटला. आकडा शिंप्याने मोजला होता. त्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं.

"काय साहेब, सिग्नल फार लागतायत!" तो समोरून ओरडला.

"रस्ता खराब आहे," ड्रायव्हरसाहेब घाम पुसत म्हणाले.

निघालेल्या धाग्याबद्दल न बोललेलं बरं. इथे दोरखंड, तिथे कोळ्याचं जाळं, मध्येच सुरवंटासारखं काहीतरी फुगलेलं. बायको त्याकडे बघायची, मग छताकडे बघायची. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरसाहेबांच्या अक्षरशः नाकी नऊ आले. कंबर धरली, बोटांची सालं निघाली, आणि रात्री स्वप्नात रिकामी बस येऊन तिच्या मागून लोकरीचा एक लांबच लांब धागा लोंबकळू लागला. पण सकाळी सातला स्वारी चरख्यावर हजर. गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे. ड्युटी चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी धागा निघू लागला आणि निघतच राहिला. हात लांब गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी तुटला नाही. ड्रायव्हरसाहेबांनी श्वास रोखून धरला होता. "अगं," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर तो घाबरून पळून जाईल. ती पुढे वाकली, डाव्या हाताच्या दोन बोटांत धागा धरून चाचपून बघितला. "हं," ती म्हणाली. या 'हं'साठी त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा केला.

मग कुकड्या होऊ लागल्या. चार झाल्या, की ते स्वतः नेऊन विणकराला द्यायचे. म्हातारा त्या हातात घेऊन बारकाईने बघायचा, भुवया वर करायचा आणि काही न बोलता ठेवून घ्यायचा. ड्रायव्हरसाहेबांना वाटायचं, कौतुकाने बोलती बंद होत असणार.

सहा आठवडे झाले, प्लास्टर निघालं. विणकर जायला चार दिवस राहिले होते आणि एकच, चोविसावी कुकडी अर्धी व्हायची होती. मनगट अजून सुजलेलं होतं, पण बायकोला राहवेना. "शेवटची मी पुरी करते," म्हणून ती आपल्या जागेवर बसली. त्यांच्या धाग्याच्या टोकाला तिने पेळू जोडला, कसंबसं चाक फिरवलं, आणि त्यांचा तो घट्ट, एकसारखा, अभिमानाचा धागा तिच्या डोळ्यांदेखत उकलला, फुगला आणि दोन तुकडे होऊन लोंबला.

तिने पुन्हा जोडला. तो पुन्हा उकलला.

"उलटा पीळ!" ती किंचाळली. "अहो, सगळा उलटा कातलाय तुम्ही! सहा आठवडे उलटा!"

"तू म्हणालीस उजवीकडे!"

"उजवीकडेच म्हणाले!"

"मग तुझ्याच उजवीकडे फिरवला ना!"

"माझ्या कशाला? तुमच्या!"

"समोरचा दाखवतो तेव्हा उजवी दाखवणाऱ्याची! साधा नियम आहे!"

"मी काय मेकॅनिक आहे?"

समोरच्या शिवणयंत्राचा आवाज बंद पडला होता. शिंपी उंबऱ्यात येऊन उभा होता.

मग ती उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, फिरवा. त्यांनी फिरवला. ती बघत राहिली. चाक तिला अगदी सुलट, रोजच्यासारखं फिरताना दिसलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तीस वर्षांची कसबी कातणारी सहा आठवडे हेच बघत होती आणि वर "बरोबर" म्हणत होती.

दोघं तशीच विणकराकडे निघाली. वाटेत ड्रायव्हरसाहेबांना ओरखड्याशिवायची बत्तीस वर्षं आठवत होती. पहिला ओरखडा पडायचा तो नेमका हिच्या पांघरुणावर पडावा, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

विणकर मागावरच होता. पांघरूण जवळजवळ पुरं झालं होतं, वीतभर विणायचं राहिलं होतं. बायकोने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला पहिल्याच कुकडीला कळलं होतं ताई," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करवून घेतलंत. ताणा एका पिळाचा आणि बाणा उलट्या पिळाचा असला, की कापड मऊ पडतं. हात लावून बघा. माझ्या वडिलांच्या वेळेला मागणी असायची अशाची. हल्ली एवढी कटकट करतंय कोण?"

तिने हात लावला. मग तळहात पसरून ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. दुसऱ्यांसाठी कातलेली शेकडो पांघरुणं तिच्या हाताखालून गेली होती, त्यांतलं एकही इतकं मऊ नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांनी लगेच खाकरून छाती पुढे काढली, जणू हे सगळं त्यांनी योजूनच केलं होतं.

"फक्त एक," विणकर म्हणाला. "शेवटची कुकडीही उलट्याच पिळाची हवी. मध्येच सुलटा घातला तर तेवढा पट्टा वेगळा दिसेल. आणि परवापर्यंत द्या, मला सामान बांधायचंय."

घरी आल्यावर ती पुन्हा आपल्या जागेवर बसली. पण उजव्या मनगटाला चाक काही पेलेना, दोन फेऱ्यांत कळ डोक्यात गेली. डाव्या हाताने ओढणं तेवढं जमत होतं. ती म्हणाली, "तुम्ही पलीकडून चाक फिरवा. मी धागा ओढते."

मूठ तिच्या बाजूला होती. म्हणून ड्रायव्हरसाहेब पलीकडच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी चाकाची कड दोन्ही हातांनी धरली, दहा वाजता एक हात आणि दोन वाजता एक. दोन वर्षांनी हातांना ओळखीचं काहीतरी सापडलं होतं. चाक त्यांच्या उजवीकडे फिरू लागलं, तिच्या हातात उलट्या पिळाचा धागा उतरू लागला. किती सोपं होतं! चार फेऱ्या झाल्यावर ते एकदम थांबले.

"अगं, तुझा डावा हात तर पहिल्यापासून धड होता."

"होता."

"मग असं पहिल्याच दिवशी करता आलं असतं की! सहा आठवडे माझी सालटी निघाली. तुला सुचलं कसं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी सुचलं होतं," ती पेळूकडे बघत म्हणाली.

ड्रायव्हरसाहेबांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "आणि तू बोलली नाहीस?"

"तीस वर्षं तुम्ही सांगत आलात ना, चाक फिरवायला काय लागतं म्हणून. म्हटलं, फिरवून बघू दे. दोन दिवसांत हात टेकाल, मग सांगू. पण तुम्ही हात टेकलेच नाहीत. रोज सातला येऊन बसायला लागलात. माझ्यासाठी कुणी एवढं कधी बसलं नव्हतं. मग सांगावंसंच वाटेना."

ड्रायव्हरसाहेबांना काय काय बोलावंसं वाटलं, पण बायकोशी असलं काही बोलायची सवय नव्हती आणि या वयात ती कुठून लागणार? त्यांनी चाक सोडलं, उठले, खिडकीत जाऊन उभे राहिले आणि घसा खाकरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"शिंपीबुवा!"

"काय साहेब?"

"अवघड आहे हो हे काम!"

"कुठलं?"

"चाक फिरवायचं! फार अवघड आहे. मला तीस वर्षं माहीत नव्हतं."

शिंप्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. ड्रायव्हरसाहेब खिडकीतून मागे फिरले, दोन्ही बाजू बघून खुर्चीत बसले आणि त्यांनी चाकाची कड पुन्हा धरली. बायकोने पदराने डोळे टिपले आणि नवा पेळू जोडून घेतला.

"चला," ती म्हणाली. "तुमच्या उजवीकडे."