सव्वाआठचा फोन

फोन सकाळी सव्वाआठला आला. मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण होता. असोद्याहून प्रदीप, माझा भाचा, बोलत होता. "मामा, आईची तब्येत जास्त आहे. निघून या." मी विचारलं, "डॉक्टर?" तर म्हणाला, "इथंच आहेत. तुम्ही निघा फक्त." आवाज पार बसलेला होता त्याचा. मी फोन ठेवला, उरलेली दाढी उरकली, तोंड धुतलं आणि बायकोला सांगितलं, "अक्का गेली." या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अजूनही दाढीला बसलो की प्रदीपचा तो आवाज कानात येतो... आणि त्याच्या मागोमाग माझा. मला माझाच आवाज जास्त छळतो.

मी असं का म्हणालो, ते आधी सांगायला हवं. सोनगीरला मी उभी नोकरी मास्तरकीत काढली, पण गाव मला ओळखतं ते मयतीच्या कामासाठी. कुणाच्या घरी काही झालं की पहिलं वाक्य, "नानांना बोलवा." घरची माणसं रडण्यात असतात, त्यांना काही सुचत नाही, आणि सुचू नयेच. अशा वेळी एकाने तरी डोकं जागेवर ठेवावं लागतं. एक माणूस डॉक्टरच्या दाखल्याला, एक बाजारात बांबू, सुतळी, मडकं, कापड आणायला. गोवऱ्या कुणाकडे आहेत, लाकूड कोरडं आहे का, लेकी कुठे कुठे दिल्या आहेत, त्यांना यायला किती तास लागतील, तोवर थांबायचं की नाही, हे सगळं मी उभ्या उभ्या ठरवतो. आणि नातेवाइकांना फोन मी स्वतः करतो, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. फोनवर 'गेले' हा शब्द मी उच्चारत नाही. फार वर्षांपूर्वी एकाला सरळ सांगून बसलो, तो तसाच मोटारसायकलवर निघाला आणि हायवेवर ट्रकला धडकला. जीव वाचला, पाय गेला. तेव्हापासून कानाला खडा. तब्येत जास्त आहे, निघून या, एवढंच सांगायचं. समोरच्याला काय ते कळतं. प्रदीपचे वडील वारले तेव्हा मी त्याला शेजारी बसवून हे शिकवलं होतं. म्हणून त्या सकाळी तोंड धुताना माझ्या मनात काय आलं असेल? लाज वाटते सांगायला. मनात आलं, पोरगं बरोबर शिकलं.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर शेतात, त्यामुळे मला कडेवर वागवलं ते तिनेच. मी बोलायला शिकलो, त्याच्या आधीपासून तिला माझ्या मनातलं कळत होतं, आणि ती खोड तिची शेवटपर्यंत गेली नाही. तिचं लग्न होऊन ती असोद्याला गेली तेव्हा मी दहा वर्षांचा. पुढे दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी आणायला मीच जायचो. नववीच्या वर्षी गेलो तेव्हा निकाल लागलेला होता. मी घरात पाऊल टाकलं ते अगदी छाती काढून, हसत. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोनता इसयमा गया रे?" गणितात गेलो होतो. सासूसमोर मान खाली गेली माझी, पण दुपारी तिने माझ्यासाठी भरीत केलं आणि ताटात वाढताना म्हणाली, "घरी मी सांगसू." तिने काय सांगितलं देव जाणे, वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत.

तिचे यजमान वारले तेव्हा सगळं मीच पाहिलं. दाखल्यापासून राख सावडण्यापर्यंत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, चार गावची माणसं तसं म्हणाली. तेरावं झाल्यावर मी निघालो तेव्हा अक्का दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तू बठ्ठं करं भाऊ, पन रडना नही." मला राग आला होता तिचा. इतकं सगळं राबायचं आणि वर रडला नाहीस म्हणून ऐकायचं... बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी धुसफुसत होतो.

शेवटची भेट ती जाण्याच्या दहा दिवस आधीची. हृदय थकलं होतं, दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. पुढच्या खोलीत दारासमोर खाट टाकलेली. अंगात काही राहिलं नव्हतं, पण जीभ तशीच होती. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं तिने पडल्या पडल्या पाहिलं आणि सुनेकडून सुई मागवली. मी निघताना म्हणाली, "बरी व्हयनू का येसू सोनगीरले." मी म्हटलं, ये. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की ती येणार नाही.

आता साडीचं. सासरी बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी पडावी लागते, आणि ती भावाने आणायची. त्याशिवाय ताटी उचलत नाहीत. किती घरांत मी स्वतः लोकांना खोळंबून ठेवलंय, "थांबा, भाऊ साडी घेऊन येतोय." म्हणून त्या सकाळी मी सोनगीरहून निघालो ते थेट असोद्याला न जाता धुळ्यात उतरलो. नऊ वाजले होते, दुकानं दहाला उघडतात. मी पायरीवर बसून राहिलो. तेवढ्या वेळात साक्रीच्या चुलतबहिणीला फोन केला, "अक्काची तब्येत जास्त आहे, निघ." ती त्याच क्षणी रडायला लागली. मी तिला समजावलं, अक्काचं सोनं झालं म्हणालो.

दुकानदाराने विचारलं, "कार्यासाठी का?" आणि आतून तो ठरलेला गठ्ठा काढला. खळीची, जाळीसारखी लुगडी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ही माझ्या बहिणीला? घरातली बाई नेसेल अशी दाखवा." सवाष्ण असती तर हिरवी घेऊन मोकळा झालो असतो. विधवेला लोक पांढरी नेतात, पण तिने कधी पांढरं वापरलं नाही. मी एकेक साडी उलगडायला लावली, पोत बोटांनी चोळून पाहिला, काठ पाहिले. पाऊण तास गेला. शेवटी फिक्या जांभळ्या रंगाची, बारीक काठाची घेतली, आणि ती घडी घालताना मला रडू कोसळलं. साऱ्या आयुष्यात कुणाच्या मयतीत न रडलेला मी, त्या गादीवर बसून पोरासारखा रडलो. दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. तेव्हा अक्का जिवंत होती.

असोद्याला पोहोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. दाराशी ताटीचा बांबू नाही, माणसं नाहीत, शेजारच्या बायका नुकत्या जमत होत्या. डॉक्टर हात पुसत बाहेर येत होते. प्रदीप मला पाहून धावला आणि गळ्यात पडला. "मामा, सव्वाएकला गेली हो. थोडं आधी आला असतात तर..." मग त्याची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली आणि तो बोलायचा थांबला. सुनेने सांगितलं, सकाळपासून तुमचीच वाट पाहत होत्या, दारावरून नजर काढली नाही. नंतर जमलेल्या चार माणसांनी विचारलं, मास्तरांना उशीर कसा झाला? मी तोंड उघडायच्या आत प्रदीप म्हणाला, "चूक माझी आहे. मीच फोन उशिरा केला." आणि मी... मी गप्प राहिलो. फोन सव्वाआठला आला होता. सरळ निघालो असतो तर अकराला तिच्या खाटेपाशी बसलो असतो.

पुढचं सगळं मी केलं. हाताला सवय आहे, हात करत राहिले. दहाव्याला प्रदीप पुन्हा तेच बोलला, उत्तरकार्याला जेवणाच्या पंगतीत पुन्हा. "माझ्यामुळे भेट राहिली, मामा." दर वेळी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, "तुझी काय चूक?" माझी आहे, हे काही तोंडातून निघेना. घरी आलो की झोप नाही. डोळा लागला की मी त्या पायरीवर बसलेला असतो आणि दुकान उघडत नसतं. तिची नजर दाराकडे आणि मी दुसऱ्याच दारासमोर... हे मनातून जातच नाही. एके दिवशी बायको म्हणाली, "सांगून टाका. त्या लेकराला का जाळता?"

गेल्या रविवारी प्रदीपला फोन लावला. सगळं सांगितलं. पायरी, साक्रीचा फोन, पाऊण तास. तुझं खरं बोलणं मी खोटं धरलं, ती असताना मी तिला मेलेली धरली, म्हणालो.  मला वाटलं, आता तो फोन ठेवणार.

मग तो म्हणाला, "मला माहीत आहे मामा. पिशवी पाहिली तेव्हाच कळलं."

"मग चारचौघांत स्वतःवर का घेतलंस?"

"माझीच आहे चूक." तो अडखळत बोलत होता. "तुम्हाला फोन केला तो आईच्या खाटेजवळ उभा राहून. फोन ठेवला तर आई हसत होती. म्हणे, 'आसं सांगं त तो साडी लेवाले जाई. परत फोन कर त्याले. सांग, मी आजून जित्ती शे.'"

मी म्हटलं, "मग?"

"मी म्हटलं, आई, काहीतरी काय बोलतेस, पडून राहा. तिने दोनदा सांगितलं, मामा. मी नाही केला."

 फोन ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही.