खरखरीला एकगठ्ठा द्यायचं नाही

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सगळं एकदम हातचं जाईल अशी धास्ती घेणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं एकमेकांना साडभाऊ म्हणत असू. त्यांची नोकरी सरकारी वायरलेसवर. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यात पुसद-वणीकडून टिकटिकत येणारे निरोप. आभाळ कडाडलं की कानात खरखर उठायची आणि निरोपाचा एक सलग तुकडा गिळून टाकायची. एका पावसाळ्यात पूर आल्याचं तेवढं कळलं, गावाचं नाव खरखरीनं खाल्लं. मदतीची जीप पोहोचली तिथं बाया निवांत धुणी वाळत घालत होत्या, आणि पुरातलं गाव बिचारं झाडांवर बसलेलं! तेव्हापासून या माणसाचं डोकं फिरलं म्हणा, की चालायला लागलं म्हणा. त्यांनी रीतच काढली. चौकटींच्या कागदावर निरोप आडवा लिहायचा आणि पाठवायचा उभा: पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर, मग दुसरीतलं पहिलं, मग तिसरीतलं. पलीकडच्यानं तसंच उभं भरत जायचं आणि शेवटी आडवं वाचायचं; मग खरखरीनं तुकडा गिळला तरी प्रत्येक ओळीतलं एखादंच अक्षर जायचं. "फुलसावंगीतला 'व' गेला त काय बिघडलं? वाचता येते. अख्खी फुलसावंगी गेली त जीप कुठं धाडता?" खरखर खाणारच, फक्त तिला एकगठ्ठा द्यायचं नाही. खोट एवढीच, की शेवटची अक्षरं येईपर्यंत निरोपाचा काडीचाही बोध होत नसे. पलीकडचा ऑपरेटर वैतागून शिव्या घाली. साडभाऊ ढिम्म.

बरं, ऑफिसात काय तो गोंधळ घाला म्हणावं. पण यांनी तीच रीत घरात आणली. एस.टी.च्या मोटारीनं कुठं निघाले की बायको मधे, लेक मागच्या बाकावर, स्वतः ड्रायव्हरजवळ. भाकरी एकीकडे, चटणी दुसरीकडे. जेवायच्या वेळी चटणी साऱ्या मोटारीतून हातोहात पुढं यायची आणि वाटेत निम्मी व्हायची. डावा जोडा एका पिशवीत, उजवा दुसऱ्या. त्यातली एक पिशवी कुणीतरी लोहाऱ्याला घेऊन उतरलं, तेव्हा माझ्या मेहुण्याच्या लग्नात हे गृहस्थ एका पायात जोडा घालून मिरवले. वर आम्हालाच म्हणतात, "एक त राह्यला ना!" भांडण तेही जराजरा. सकाळी नुसतं "काल", दुपारी "ते वांगं", आणि निजताना "खारट". ताई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावी. "दिवसभर जीव टांगणीले, अन् मंग कळते का भांडण वांग्याचं होतं!" आम्ही पोट धरून हसायचो.

पुढं त्यांच्याच पोटात दुखू लागलं. नागपूरला मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की गाठ आहे आणि आता हात लावण्यासारखी राहिलेली नाही. परतीच्या मोटारीत साडभाऊ पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, "ताईला आजच सांगून टाका." त्यांनी मान हलवली. "एकदम सांगतलं त कोसळते ते, साडभाऊ. जराजरा सांगीन. दिवाळीपर्यंत सांगून पुरं होते."

आणि खरंच सांगू लागले. एके दिवशी म्हणाले, "मले आता अर्धीच भाकर देत जाय." मग काही दिवसांनी, "लेकीले इकडं बोलाव, राहू दे महिनाभर." मग कधीतरी, "तुले एकटीले मोटारीनं नागपूरले जाता येईन का वो?" ताई प्रत्येकाचा भलताच अर्थ लावी. भाकरी कमी केली म्हणजे आपल्या हातची गोड लागत नाही. लेकीला बोलावलं म्हणजे जावयाशी काहीतरी बिनसलं. मी चिडून भांडलो, "अहो, तिला काही उमगत नाहीये!" साडभाऊ पोटावर हात दाबून म्हणाले, "सांगून राह्यलो ना मी. थोडंसंच राह्यलं."

ते थोडंसं राहूनच गेलं. दिवाळीच्या बरंच आधी, एका दुपारी, ताई दळण आणायला चक्कीवर गेली असताना साडभाऊ गेले.

साडभाऊंच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा मी ताईला नागपूरचं सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग भाकर, लेक, नागपूरची मोटार, एकेक जोडत गेली. "म्हंजे सांगतच होते ते मले," ती पुटपुटली. आणि एकाएकी इतकी संतापली, की तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मी कोसळली असती म्हणत होते ना? कोसळलीच असती, भाऊजी! कायले नाई कोसळणार? पण त्यायच्या मांडीवर कोसळली असती. आता कुठं कोसळू?"

लेकीनं तिला जवळ ओढलं. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.