उकंडरावाची वरची ओळ

उंद्रीच्या बसस्टँडसमोर 'शुभारंभ प्रिंटिंग प्रेस' अशी पाटी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्याखाली दुसरी पाटी लागली: 'येथे वेबसाइट बनवून गुगलवर वर आणून मिळेल.' दोन्ही पाट्यांचा मालक एकच, उकंडराव. वय अठ्ठावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि सल्ला कायम जिभेच्या टोकावर. तो मागावा लागत नाही. तुम्ही नुसतं मेहकरची बस गेली का विचारा. तुमची वेबसाइट आहे का, नसेल तर काऊन नाही, असेल तर कितव्या पानावर दिसते, एवढं सगळं ऐकून घेतल्यावरच तुमची सुटका. तोवर बस गेलेली असते.

आणि या माणसाचं नाव बघा. आधीची दोन लेकरं दगावली होती, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीने त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. यमाने यादी चाळताना असल्या नावाकडे ढुंकूनही पाहू नये, हा हेतू. यमाने खरंच पाहिलं नाही. कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून ज्याचं नाव ठेवलं, तोच गडी पुढे लोकांना जगाच्या नजरेत कसं भरावं हे शिकवू लागला. घ्या!

त्याआधी तीस वर्षं त्याने लग्नपत्रिका छापल्या. आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय हे ज्याने छापली त्यालाच ठाऊक. निमंत्रक, विनीत, स्नेहांकित, व्यवस्थापक, वरून सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, आणि शेवटी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं की एक घर रुसलंच समजा. नवरदेवाचं नाव चुकलं तर लोक हसून सोडून देतात, पण चुलत्याचं नाव खाली गेलं तर मांडवात जेवायला बसत नाहीत. या कामात उकंडरावाचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

मग पत्रिका मोबाइलवर फिरू लागल्या आणि मशीनवर कबुतरं बसू लागली. उकंडराव हार मानणाऱ्यातला नव्हता. व्हिडिओ बघून बघून तो एसईओ शिकला. एसईओ म्हणजे आपली वेबसाइट गुगलच्या यादीत वर दिसावी म्हणून करायची खटपट. शिकला खरा, पण अर्धाच. उरलेला अर्धा भाग त्याने लग्नपत्रिकेतून भरून काढला.

"जितकी नावं तितकी माणसं, जितकी माणसं तितकं गुगल खूश," असा त्याचा सिद्धांत. त्यामुळे त्याने बनवलेली वेबसाइट उघडली की आधी सनई वाजायची, मग कमळ उमलायचं, मग आराध्य दैवत, मग नावं, नावं आणि नावं. एका ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याच्या वेबसाइटवर त्रेसष्ट नावं होती. ट्रॅक्टर त्यांच्याखाली कुठंतरी गुदमरून पडला होता. आणि काम कोणाचंही असो, सगळ्यांत वरची ओळ ठरलेली: 'शुभाशीर्वाद: श्री. पंजाबराव, देऊळगाव राजा.'

हे पंजाबराव म्हणजे उकंडरावाचे थोरले भाऊ. बाप लवकर गेला, तर यांनीच धाकट्याला शिकवलं आणि ही प्रेसही यांनीच टाकून दिली. नऊ वर्षांपूर्वी उकंडरावाच्या समीक्षाचं, एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच घरच्या प्रेसवर. दादाचं नाव सगळ्यांत वर, झोकदार अक्षरात घालायचं, म्हणून उकंडरावाने वरची ओळ कोरी ठेवली. अक्षर काही मनासारखं मिळेना. बाकीची एकशे चार नावं चारदा तपासली, पत्रिका मशीनवर चढवली, आणि वरची ओळ कोरीच छापली गेली. पाचशे पत्रिका! गावोगाव वाटून झाल्यावर कळलं. पंजाबराव लग्नाला आले नाहीत. उकंडराव पाया पडायला देऊळगावला गेला, तर दादा मागच्या दाराने शेतात निघून गेले. त्यानंतर बोलणं नाही. तेव्हापासून या माणसाने एकही नाव कधी गाळलं नाही.

यंदा मे महिन्यात त्याच्या प्रेसमध्ये कोकिळा आली. गावाबाहेर तिची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. दरवर्षी एक व्यापारी तिचं सगळं रोप एकगठ्ठा उचलायचा. यंदा त्याने स्वतःचीच नर्सरी टाकली. म्हणून तिने एप्रिलात उकंडरावाकडून वेबसाइट करून घेतली होती. आता तिने मिरचीच्या रोपांचा एक भला मोठा ट्रे आणून थेट कीबोर्डवर ठेवला.

"भाऊ, हे पाहा. एक लाख ऐंशी हजार रोप हाय. तीस दिवसांचं झालं. अजून बारा-पंधरा दिवसांत गेलं नाही तं उकिरड्यावर फेका लागते. अन् फोन किती आले मालूम हाय? एकबी नाही."

"अहो वहिनी, पहिल्याच दिवशी चारशे बारा लोकायनं तुमची वेबसाइट पाह्यली!" उकंडरावाने स्क्रीनवरचा आकडा दाखवला.

"हाव, पाह्यली. माह्या नणंदेनं पाह्यली, तिच्या दिरानं पाह्यली, सरपंचानं तीनदा पाह्यली. आपापलं नाव पाह्यलं अन् गेले. मिरची कोणाले पाहिजे होती?"

उकंडराव तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मोबाइल पुढे केला. त्यावर तालुक्याचं नाव घालून 'मिरची रोप चिखली' लिहून शोधलं. कुठल्या कुठल्या नर्सऱ्या निघाल्या. ती पान उलटत गेली, हिचा पत्ता नाही. मग तिने फक्त 'पंजाबराव देऊळगाव राजा' लिहिलं. पहिल्या नंबरवर कोकिळा नर्सरी! कमळासकट.

"मले रोप इकायचं हाय भाऊ, तुमचे दादा नाही."

हे त्याला झोंबलं. तीस वर्षांत त्याच्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ही बाई त्याच्या अख्ख्या विद्येचा ट्रेमध्ये चिखल करून उभी होती. पण ट्रेमधली ती बोटभर रोपं समोर डुलत होती, आणि त्यांना त्याच्या सिद्धांताशी काही घेणंदेणं नव्हतं. चूक आपली आहे हे त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पार उतरला.

मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा सल्ला द्यायचं सोडून विचारायला सुरुवात केली. वही घेतली, रस्ता ओलांडला आणि बसची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यांना एकेक करून धरलं.

"मिरचीचं रोप पाहिजे असन तं मोबाइलात काय लिहसान?"

"मिरचीचं रोप कुठी भेटते, असं लिहू. दुसरं काय लिहा लागते?"

"रोप किती दिवसांचं हाय ते पायतो बुवा मी."

"गाडी वावरापर्यंत येते काय, ते सांगतेत का त्याच्यात?"

बत्तीस माणसं झाली. एकानेही सरपंचाचं नाव घेतलं नाही. एकालाही कमळ नको होतं. एक म्हातारा तर म्हणाला, "ते सनई वाजते का बे? मी एकडाव उघडलं, मयतीत बसलो होतो, वाजली ना जोरात!" उकंडराव खाली मान घालून परत आला.

कोकिळा तिथेच बसून होती. त्याने आधी सनई काढली, मग कमळ. मग नावं खोडायला घेतली. व्यवस्थापक गेले, स्नेहांकित गेले, सरपंच गेले. त्यांच्या जागी लोकांचेच प्रश्न लोकांच्याच शब्दांत मांडले, आणि खाली कोकिळा सांगेल तशी सरळ उत्तरं: रोप किती दिवसांचं, जात कोणती, कमीत कमी किती घ्यावं लागतं, गाडी कुठवर येते. ट्रेचा फोटो, नर्सरीचा फोन नंबर. शेवटी फक्त वरची ओळ राहिली. पंजाबराव.

त्याचा हात थांबला. एकदा चुकून गाळलं तर नऊ वर्षं गेली. आता हाताने, डोळ्यांदेखत गाळायचं? कोकिळाला ती पत्रिकेची गोष्ट माहीत होती. अख्ख्या गावालाच होती. तिने घाई केली नाही, फक्त ट्रेमध्ये थोडं पाणी शिंपडलं.

"दादा माफ करजो," असं स्क्रीनला म्हणून त्याने ती ओळ पुसली आणि तिथे लिहिलं: 'मिरचीचं रोप कुठे मिळेल? उंद्रीत, कोकिळा नर्सरीत.'

तीन दिवस काहीच झालं नाही. गुगललाही पान नव्याने वाचायला वेळ लागतो, हे उकंडरावाने तिला सांगितलं, पण रात्री जेवण त्यालाच गेलं नाही. सरपंच तेवढे येऊन भांडून गेले. चौथ्या दिवशी साखरखेर्ड्याहून एक फोन आला. पाचव्या दिवशी सहा. सातव्या दिवशी तर कोकिळाला गाडीत ट्रे भरायचे की फोन उचलायचा हे कळेना, म्हणून तिने फोन उकंडरावाच्या हातात दिला, मांडीवर वही दिली आणि नर्सरीच्या हिरव्या जाळीच्या शेडनेटच्या दाराशी बसवलं. जणू तोच तिच्याकडे कामाला लागला होता. पण चूक त्याची होती. त्याने पहिलं बुकिंग लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. तेव्हा रोप तीसेक हजारच उरलं होतं. त्याने वहीचं नवं पान उघडलं.

"हॅलो, मिरचीचं रोप हाय काय? गुगलवर पाह्यलं मी. गाडी देऊळगाव राजापर्यंत येते म्हंते तुमचं पान."

पेन त्याच्या हातातच राहिलं. हा आवाज त्याने नऊ वर्षं ऐकला नव्हता. पण ज्या आवाजाने बाराखडी शिकवली तो कसा विसरणार?

"येते," तो कसाबसा म्हणाला. "किती पाहिजे?"

"आठ हजार. रोप चांगलं हाय ना?"

"एक नंबर हाय." बुकिंग तर घ्यायचं होतं. "कोणाच्या नावानं लिहू?"

फोन कट झाला की काय म्हणून त्याने तो कानावरून काढून पाहिला. चालू होता.

"कोण बोलून राह्यलं बे? उकंडा?"

"हाव, दादा."

ट्रे उचलता उचलता कोकिळा थांबली.

"पंजाबरावाच्या नावानं लिह," पलीकडून आवाज आला. "अन् आत्ताच लिह. मंग लिहतो म्हणून ठेवू नको."

उकंडरावाने झोकदार अक्षर शोधलं नाही. चष्म्यातून काही धड दिसत नव्हतं, तरी त्याने वहीच्या वरच्या ओळीत वेडंवाकडं नाव लिहिलं, आणि लिहून झाल्यावर फोनवर मोठ्याने वाचूनही दाखवलं.