हिरेमठबाईंचा नियम

प्रवेशासाठी आलेल्या पालकांना हिरेमठबाई खुर्ची देत नसत. धाराशिवच्या आमच्या मतिमंद मुलांच्या निवासी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत पाहुण्यासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मूल बसायचं. आईबाप उभे. एकदा एक बडे साहेब नातवाला घेऊन आले. तेही भिंतीला टेकून उभे राहिले. "प्रवेश त्याला हवाय, तुम्हाला न्हाय," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा भूमहून नवीनच शिक्षिका म्हणून आले होते. अपंगत्वाचा दाखला, आधार, फोटो हे सगळं मी तपासायचे. बाई कागदांना हात लावत नसत. त्या पालकांना आधी विचारायच्या, "सगळे देव झाले का? एखादा राहिला असला तर उरकून या. मागनं आमच्या नावानं बोंब नको." लोक ओशाळून हसायचे, कारण बहुतेकांचे देव, बाबा, वैदू सगळे करून झालेले असायचे. मग दुसरा प्रश्न: पोराला काय आवडतं? त्यावर आईबाप पोराला काय येत नाही ते सांगायला लागले, की बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एका जूनमध्ये जळकोटचे किराणा दुकानदार शिवप्पा धाकट्या मुलीला घेऊन आले. गौरी बारा-तेरा वर्षांची, गोबऱ्या गालांची. बसल्याबसल्या तिनं टेबलावरचा बाईंचा चष्मा उचलून घातला आणि त्यांच्याकडं बघून खदखदून हसली. शिवप्पा घाबरून तिचा हात धरायला गेले. बाईंनी त्यांना थांबवलं. "राहू द्या. लई दिवसांनी कुणीतरी माझ्याकडं नीट बघतंय."

शिवप्पांना भलतीच घाई होती. आजच पोरीला वसतिगृहात ठेवून घ्या म्हणत होते. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि सोयऱ्यांना धाकटीबद्दल काही सांगितलंच नव्हतं. "घराण्यातच हाय का म्हणतेत लोक," ते खाली बघत म्हणाले. "थोरलीचं मोडलं तर काय करू, बाई?"

बाई कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण शिवप्पांचे कान लाल झाले. मग बाईंनी मराठीत, अगदी थंडपणे शाळेचा नियम सांगितला: घरच्या लग्नाला मुलीला न्यायचं, मांडवात सगळ्यांसमोर बसवायचं, शाळेची माणसं बघायला येतात. नाहीतर प्रवेश रद्द.

शिवप्पा मुलीला घेऊन तडक निघून गेले. मला वाटलं, गेली पोर हातची. चार दिवसांनी ते परत आले, बायकोला घेऊन. बोलली तीच. "लग्नाला नेतो म्हणतेत. घ्या पोरीला."

लग्नाला आम्ही दोघी एसटीनं जळकोटला गेलो. अक्षतांना वेळ होता, पण पंगती सुरू झाल्या होत्या. गौरी जरीचं परकर-पोलकं घालून पहिल्या रांगेत बसली होती. नवरदेवाच्या आत्यानं तिच्याकडं बघत विचारलं, ही कुणाची म्हणून. शिवप्पांनी बाईंकडं पाहिलं. बाई जिलेबी खात होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझीच हाय," शिवप्पा म्हणाले. "धाकटी. धाराशिवला शाळंत असती."

आत्यानं गौरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जेवलीस का म्हणून विचारलं. गौरीनं साफ नाही सांगितलं. आमच्या देखत तिच्या दोन पंगती झाल्या होत्या. आत्यानं तिला तिसऱ्या पंगतीला शेजारी बसवून घेतलं. नवरदेवाचा एक काका मात्र फुगून न जेवताच गेला. "बरं झालं, एक पान वाचलं," बाई म्हणाल्या. लग्न लागलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, हा नियम नेमका कुठं लिहिलाय?

"कसला नियम? तिथंच सुचला." एवढं बोलून बाई खिडकीला डोकं टेकवून झोपी गेल्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडं कलबुर्गीला निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात संस्थेच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या कशाबशा उठल्या. समोर मुलं बसली होती, मागं आम्ही शिक्षक.

"पोरं बरी आहेत," त्या आम्हाला म्हणाल्या. "आईबापांवर लक्ष ठेवा."