दहा धरून चाला

९ जून. उन्हाळी सुट्टीनंतर आज कोर्ट उघडलं. नव्या प्रिंटरला जागा हवी होती, म्हणून टेबलाखालची अण्णांची पत्र्याची पेटी रिकामी करायला घेतली. अण्णा मार्चमध्ये गेले. त्यांच्या पुतण्यानं तेव्हाच सांगितलं होतं, "वैनी, पायजे ते ठिवा, बाकीचं रद्दीत घाला." तीन महिने मी त्या पेटीवर पाय ठेवून टायपिंग केलं. आज उघडली.

तुम्ही कधी कामानिमित्त आमच्या कोर्टाच्या आवारात आला असाल, तर अण्णांना पाहिलं असेलच. टायपिंगच्या शेडमध्ये, माझ्या टेबलाशेजारी, स्टुलावर बसलेला पांढऱ्या टोपीतला सडपातळ माणूस. कोणी घाबरलेला नातेवाईक समोर आला की ते उजव्या हाताची पाचही बोटं पसरायचे, मग अंगठा हळूच आत मिटायचे आणि विचारायचे, "किती जण हुते? चार का पाच?"

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. चौघांनी मिळून लुटलं तर ती जबरी चोरी. पाच झाले की दरोडा, आणि दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. त्यात कोयता वापरला असेल तर ज्यानं वापरला त्याला सात वर्षांच्या खाली सोडता येत नाही. एवढा कायदा टाइप करून करून मलाही आला आहे. अण्णांना तो आरतीसारखा पाठ होता.

"कोयता कमरंला हुता का हातात?"

"हातात हुता, पर मारला न्हाई कुणाला. नुसता दावला."

"दावला म्हंजी वापरला. सात धर. सातच्या खाली यायचं जज्जसाहेबांच्या बी हातात न्हाई."

अण्णा एका फौजदारी वकिलांचे कारकून. बत्तीस वर्षं एकाच साहेबांकडे. साहेब आत खोलीत अशिलाला सांगायचे, "निर्दोष सुटेल, काळजी करू नका." अशील मान हलवून बाहेर यायचा आणि सरळ अण्णांसमोर उभा राहायचा, खरं काय ते विचारायला. इतर वकीलही यायचे, पण चहाच्या निमित्तानं. "अण्णा, सहज विचारतो," अशी सुरुवात करायचे. निकालाच्या दिवशी अण्णांचा आकडा बरोबर निघाला की जिंकलेला आणि हरलेला, दोन्ही पक्ष त्यांच्या पाया पडून जायचे. न्यायाधीशांच्या पाया कोणी पडल्याचं मला आठवत नाही.

सवय इतकी मुरली होती की सगळ्या जगाला ते शिक्षा ठोठावत फिरायचे. चहा फिका झाला की चहावाल्याला म्हणायचे, "सहा म्हैने, साधी." दुधात पाणी आढळलं तर, "तीन वर्सं, सक्तमजुरी. सवलत न्हाई." माझ्या टायपिंगमध्ये चूक सापडली की, "पैलाच गुन्हा हाय, ताकीद दिऊन सोडतो." ते राहायला फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेत, पण सामना कधी बघितला नाही. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "अकरा माणसं एका मुद्देमालाच्या मागं पळत्यात, आनि समोरनं आनि अकरा येत्यात. एका मैदानात दोन दरोडं. बगायचं काय त्यात?"

चहाच्या बाकड्यावर चौघे बसलेले असले तर अण्णा उभ्यानं चहा प्यायचे. पाचवा म्हणून ते कुठंच बसले नाहीत.

नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. दरोड्याच्या तीनशे पंच्याण्णवचं तीनशे दहा झालं होतं. "कोयता त्योच, पळनारं त्येच, धरनारं बी त्येच. आकडाच तेवढा बदलला. ह्याला काय कलम लागतंय सांगा, वैनी." मी म्हटलं, "अण्णा, पुढचं प्रतिज्ञापत्र टाइप करायचं आहे." माझं सगळ्या मोठ्या प्रश्नांना हेच उत्तर असतं.

शालन आली त्या दिवशीही माझं उत्तर तेच होतं.

शालन राधानगरीकडची. नवरा टेम्पोचा ड्रायव्हर. चौघांनी कपाट हलवायचंय म्हणून त्याचा टेम्पो ठरवला, वाटेत एका सराफाला अडवून दोन कोयते काढले आणि लुटून टेम्पोत येऊन बसले. हा खाली उतरलासुद्धा नव्हता. पण पोलिसांनी मोजलं तेव्हा टेम्पोत माणसं पाच निघाली. दरोडा. नवरा कळंब्याच्या तुरुंगात, आणि शालन, हातात जेवणाचा डबा घेऊन, आमच्या शेडमध्ये.

अण्णांनी बोटं पसरली. अंगठा मिटला. "चार का पाच?"

"ह्येंच्यासकट पाच."

अण्णांनी अंगठा परत बाहेर काढला आणि त्याच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "दहा धरून चाला. पोरीबाळीचं काय आसंल ते उरकून घ्या."

"पोरगी नर्सिंगला हाय. दुसऱ्या वर्साला."

"आता तुमी बगा. बाप दहा वर्सं आत म्हटल्यावर..."

मी शेजारीच होते. सगळं ऐकत होते. शालननं माझ्याकडं पाहिलं, बाईमाणूस काही वेगळं बोलेल म्हणून असेल. मी कागद सरळ केला आणि पुढची ओळ टाइप केली.

दोन वर्षांनी निकाल लागला. टेम्पोवाल्याला काही माहीत होतं हे सरकार पक्षाला शाबीत करता आलं नाही. तो निर्दोष. पाचवा माणूस वजा झाला म्हणून दरोडाही उरला नाही. कोयतेवाल्या दोघांना सात, बाकीच्या दोघांना पाच. अण्णांचं कोयत्याचं सात बरोबर निघालं. दहा तेवढं चुकलं.

दुसऱ्या दिवशी शालन नवऱ्याला घेऊन पेढे वाटायला आली. पहिला पेढा अण्णांच्या हातावर ठेवला.

"अण्णा, तुमी दहा म्हनला हुता, दोनातच सुटलं की ओ! तुमच्या तोंडात साखर पडू दे."

अण्णा हसले. मग सहज म्हणून विचारलं, "पोरगी नर्स झाली आसंल आता?"

"दिली की तिला. निपानीला. तवाच, दुसऱ्या म्हैन्यात. तुमीच म्हनला न्हवं, उरकून घ्या?" तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या शहाण्या माणसाचा सल्ला मानल्याचं समाधान होतं. "पुस्तकं तेवढी संगं घिऊन गेलीया सासरला. काय करायचीत कुनास ठाऊक."

नवरा खाली बघत राहिला. मुलीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती.

ती दोघं गेली. अण्णांनी तो पेढा खाल्ला नाही, टाकलाही नाही. कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. मी म्हटलं, "अण्णा, मुंग्या लागतील." ते म्हणाले, "लागू देत."

कोर्टाच्या शिक्षेवर अपील असतं. वरच्या कोर्टात जाता येतं, जामीन मागता येतो, चांगल्या वागणुकीची सूट मिळते. अण्णांनी स्टुलावर बसून दिलेल्या शिक्षेवर यातलं काहीच नव्हतं. हे त्यांना बत्तीस वर्षांनी कळलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून.

त्यानंतर कोणी समोर आलं की ते म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई, पावणं. वकीलसाहेबास्नी इचारा." लोकांना वाटलं, अण्णांचा भाव वाढला. काही जण हात जोडून तिथंच बसून राहायचे. एका म्हातारीनं तर त्यांचा हात धरून बोटं स्वतःच मोजली आणि आकडा समजल्यासारखी निघून गेली.

मग एक दिवस म्हणाले, "वैनी, येक अर्ज घ्या." त्यांनी शालनकडून मुलीचा सासरचा पत्ता आणला होता. अर्ज कॉलेजच्या नावानं होता, पोरीला परत दाखल करून घ्यावं म्हणून. अण्णा डोळे मिटून सांगत गेले, मी टाइप करत गेले.

"अर्जदार हिचा कोणताही पूर्वगुन्हा नाही. अर्जदार ही कायमच्या पत्त्यावर राहणारी असून ती फरारी होणार नाही. घालून दिलेल्या सर्व अटी व शर्ती ती पाळेल. तरी तिला मुक्त करण्याचा हुकूम व्हावा."

"अण्णा, हा जामिनाचा अर्ज झाला."

"मग? आत हाय न्हवं का ती?"

टायपिस्टनं मजकुरात हात घालू नये असा आमच्यात नियम आहे. मी जसा सांगितला तसा टाइप करून दिला. पुढं मी अधूनमधून विचारायची, "काय झालं अर्जाचं?"

"दिला. तारीख पडलीया."

पुढच्या महिन्यात पुन्हा, "तारीख पडलीया." कोर्टाच्या आवारात या उत्तराला कोणी संशय घेत नाही. मीही घेतला नाही.

आज पेटीत चुन्याची डबी निघाली, पानं सुटलेलं कायद्याचं पुस्तक निघालं, चिकट डाग पडलेला कागद निघाला. आणि पुस्तकात तो अर्ज निघाला. मूळ प्रत. कुठं दिलेलाच नाही. खाली अर्जदाराच्या सहीची जागा कोरी. मागं टाचणीला एसटीची सहा तिकिटं, पुराव्याला जोडावीत तशी क्रमानं लावलेली. तीन निपाणीला जायची, तीन परत यायची. वेळा बघितल्या. जायचं तिकीट सकाळी दहाचं, यायचं पावणेबाराचं. प्रवास सव्वा तासाचा, म्हणजे उतरल्यावर जेमतेम अर्धा तास. तिन्ही वेळा तेच. माणूस निपाणीच्या स्टँडवर बसला आणि परत आला. फाशी-जन्मठेप तोंडावर सांगणाऱ्या माणसाला एका पोरीकडं सही मागता आली नाही.

मी अर्ज दोनदा वाचला. मग माझ्या लक्षात आलं की तिला परत शिकायचं आहे का, हे तिला अजून कोणीच विचारलेलं नाही. आईनं नाही, अण्णांनी नाही. मीही नाही.

पुस्तक आणि अर्ज ठेवून घेतला. बाकीचं रद्दीत घातलं. टेबलाखाली प्रिंटर बसवला आणि पहिला कागद त्या अर्जाचाच काढला. फरारी होणार नाही, पूर्वगुन्हा नाही, मुक्त करण्याचा हुकूम, हे सगळं वगळलं. "मला शिक्षण पूर्ण करायचे आहे" असं एक वाक्य घातलं. नियम मोडला. पहिलाच गुन्हा आहे.

१० जून. सकाळी टेबलावर "आज बंद" अशी पाटी ठेवायला शेजारच्या स्टॅम्पवाल्याला फोनवर सांगितलं आणि सातची निपाणी गाडी धरली. पिशवीत अर्ज, दोन पेनं आणि एक कोरा कागद. तिला नको असेल, तर तेही तिनंच लिहावं.