एक फूट आत

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना उकिडवं बसायला बंदी घातली. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागची हिरवळ ते स्वतः विळ्यानं कापायचे. दुसऱ्या कुणी कापलेलं त्यांना पटायचं नाही. म्हणून मी आपलं आपण फिरून गवत कापणारं यंत्र आणलं. माणसाशी वाद घालता येतो, यंत्राशी कोण घालणार, असं मला वाटलं. आबांना मी अजून ओळखत नव्हते.

हे यंत्र मोकळं सोडता येत नाही. हिरवळीच्या कडेनं जमिनीलगत तार फिरवायची, दर दोन पावलांवर खुंटी ठोकायची, दोन्ही टोकं चार्जिंगच्या तळाला जोडायची. तारेपाशी आलं की यंत्र वळतं. पण वळण्याआधी ते थोडं पुढं जातं, म्हणून तार हद्दीपासून एक फूट आत हवी, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं.

"एक फूट कसाले सोडानं?" आबा म्हणाले. "जागा आपली शे."

तीन बाजूंना भिंती होत्या, तिथं त्यांनी कुरकुरत सोडू दिलं. चौथ्या बाजूला मातीत पुरलेले हद्दीचे दगड होते आणि दगडांपलीकडे नाना, आबांचे धाकटे भाऊ. अकरा वर्षांपूर्वी धुळ्याकडच्या शेताची वाटणी झाली. पुढच्याच नांगरटीला आबांनी बांध कोरला, असं नानांचं म्हणणं. आमच्याकडे बांध कोरणं ही चोरी नव्हे, सवय आहे. दर नांगरटीला शेजाऱ्याची चार बोटं जमीन आपल्याकडे येते. खरं सांगायचं तर आबांनी कोरला होता. मी तिथं उभी होते.

तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. इकडच्या फोडणीनं तिकडे ठसका लागायचा, पण शब्द नाही. आता नाना महिन्याभरात सुरतेला मुलाकडे कायमचे चालले होते. ते न बोलताच जातील याचं मला फार वाईट वाटत होतं, आणि दोन्ही म्हाताऱ्यांचा रागही येत होता.

मी तार टाकली, चौथ्या बाजूलाही एक फूट आत. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केलं. तीन बाजूंना ते शहाण्यासारखं वळलं. चौथ्या बाजूला दगडांमधून सरळ पलीकडे गेलं आणि नानांच्या पुदिन्यात शिरलं.

जाऊन बघते तर तार जागेवर नाही. खुंट्या उपटून दगडांच्या पलीकडे चार बोटांवर ठोकलेल्या. त्या गुडघ्यानं आबा खाली कसे बसले, देव जाणे. जित्याची खोड.

नाना यंत्र पोटाशी धरून दगडांपाशी आले. चाकांना पुदिना चिकटला होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुना आबाले सांग, बांध कोरानी सवय आजून गई नही."

आबाही माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्याले सांग, मशीन शे ते. त्याले बांध काय समजस?"

"मी कुणाची पोस्टमन नाही," मी दोघांनाही सुनावलं आणि खुंट्या उपटायला लागले. सरळ रेषेसाठी दोर आणून टाकला. आबांनी त्याचं एक टोक उचललं, दगडापासून एक फूट मोजलं आणि दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात शेतात मोजणी या दोघांनीच केलेली, एक या टोकाला, एक त्या. तोंडातून सवयीनंच निघालं असणार.

"धर रे तथा."

नानांनी यंत्र खाली ठेवलं, दगड ओलांडून आले आणि तिकडचं टोक धरलं.

"ताण. ढिल्ला शे."

"ताणेल शे, भाऊ."

अकरा वर्षांनी एवढंच. मी मान खाली घालून खुंट्या ठोकत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते या दोघांना दाखवायचं नव्हतं. तार एक फूट आत गेली आणि तिथंच राहिली. सुरतेला निघताना नाना आमच्याकडे चहा पिऊन गेले. बोलणं पावसाचंच झालं.

यंत्र आता रोज फिरतं. ते दगडांच्या अलीकडेच वळतं, त्यामुळे दगडांलगतच्या पट्टीत गवत माजतं. परवा सकाळी आबा बुटक्या स्टुलावर बसून विळ्यानं ते कापत होते. मी ओरडणार होते. मग दिसलं की आपली पट्टी केव्हाच कापून झाली होती. ते दगडांवरून हात घालून नानांच्या बंद घराकडचं गवत कापत होते.

"आबा, ती जागा आपली नाही."

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. विळा थांबला नाही. "तो परत उना तं काय म्हनी?"